तिथं काही नाही

त्या इस्पितळात एक्स-रेला फोटो म्हणत, आणि तो काढणाऱ्या बाईंना फोटोवाल्या बाई. तेवीस वर्षं त्या एकाच खोलीत काम करत होत्या. खोलीचं दार शिशाचं, जड. लोटायला खांदा लावावा लागे. आत एक टेबल, वर यंत्र, कोपऱ्यात काचेआडची बाईंची जागा. "श्वास घ्या, धरून ठेवा, हं, सोडा," एवढीच चार वाक्यं दिवसातून शंभरदा म्हणायची. नवरा बस चालवायचा. तो चेष्टेनं म्हणे, "आमची ही घरी माझाही श्वास धरून ठेवते, सोडा म्हणायचं मात्र विसरते."

बाईंचा हात हलका होता आणि जीभ गोड. दुखणाऱ्या माणसाला टेबलावर कसं वळवायचं हे त्यांना पुस्तकानं शिकवलं नव्हतं. थरथरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पाठीखाली त्या आधी आपला तळहात सरकवत, मग फळी. फक्त एक नियम त्यांना पहिल्या दिवशीच बजावून सांगितला होता. फोटो काढायचा, वाचायचा नाही. वाचणं मोठ्या डॉक्टरांचं काम. रुग्णानं "काय दिसलं हो?" असं विचारलं की "डॉक्टर सांगतील" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

हा नियम बाईंनी तेवीस वर्षांत एकदा मोडला.

समोरच्या गल्लीत एक टेलर मास्तर होते. बाईंचे एप्रन तेच शिवायचे. बोलघेवडा माणूस. कापड फाडताना गप्पा, बटणं लावताना गप्पा. त्या वर्षी त्यांना कावीळ झाली. पित्ताच्या वाटेत खडा अडकला होता. तो काढला, पण वाट आखडून गेली. ती पुन्हा मिटू नये म्हणून डॉक्टरांनी आत एक नळी बसवली, करंगळीएवढी, बारीक दोऱ्यानं विणलेली. नवी चीज होती ती. पाच-सहा महिन्यांत आतल्या आत विरघळून जाणार होती, म्हणजे ती काढायला पुन्हा पोटात शिरायला नको. मास्तरांना त्याचं फार अप्रूप. गिऱ्हाइकांना सांगत, "माझ्या पोटात शिवण घातलीये, आणि उसवायची गरज नाही."

सातव्या आठवड्यात ते बाईंच्या टेबलावर आले. शर्ट वर करून त्यांनी पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, एका जागी बोट ठेवलं. सबंध हात नव्हे, एकच बोट, जसं कापडावर खडूनं खूण करावी तसं.

"बाई, इथं टोचतंय. नळी खाली घसरली असेल का हो?"

बाईंनी दोन फोटो काढले, एक झोपवून, एक उभं करून. पडद्यावर बरगड्या दिसल्या, कणा दिसला, आतड्यातला वायू काळ्या ढगांसारखा दिसला. बोट होतं त्या जागी काही नव्हतं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. तेवीस वर्षांत बाईंनी भ्यालेली माणसं कमी पाहिली नव्हती, पण हा माणूस ओळखीचा. त्याच्या हातचा एप्रन त्यांच्या अंगावर होता. सहज तोंडून निघून गेलं,

"काळजी करू नका मास्तर. तिथं काही नाही."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की बाईंनाच बरं वाटलं. मोठ्या डॉक्टरांनीही मग तेच लिहिलं. सोनोग्राफीत वायूमुळे काही कळलं नाही. वायूची औषधं देऊन त्यांना घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी मास्तरांना स्ट्रेचरवरून आणलं. आतडं फुटलं होतं. शस्त्रक्रिया झाली, पण विष अंगभर पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

दुपारी सर्जन एक छोटी बरणी घेऊन फोटोच्या खोलीत आले. बरणीत पांढरट, मऊ पडलेली नळी होती. एका टोकाला दोरे सुटून काट्यासारखे उभे राहिले होते.

"हीच घसरून आतड्यात अडकली होती," ते म्हणाले. "तुमच्या फोटोत दिसली असती तर दुर्बिणीनं ओढून काढली असती. दहा मिनिटांचं काम."

बाईंनी बरणी हातात घेतली. "मी बघितलं होतं, सर. नीट बघितलं होतं."

"तुम्हाला कोण बोल लावतंय? दिसणारच नव्हती ती. किरणांना हाड अडवतं, धातू अडवतो. मांस, पाणी, असला दोरा, यातून ते आरपार जातात. होती, पण फोटोच्या हिशेबी नव्हतीच."

त्यांनी समजूत घालण्यासाठीच सांगितलं. पण बाईंच्या मनात वेगळंच रुतून बसलं. नळी दिसली नाही हा यंत्राचा दोष, कबूल. 'तिथं काही नाही' हे यंत्र बोललं नव्हतं. 'दिसत नाही' असं म्हणता आलं असतं. 'डॉक्टर सांगतील' म्हणता आलं असतं. आपलं काम नव्हतं ते बोलणं, आणि आपण बोललो.

त्यानंतर मास्तर येऊ लागले.

बाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. जिवंत माणसांचे सांगाडे रोज बघणाऱ्याला कसली भीती? आणि मास्तर काही अंधारात आले नाहीत. भर दुपारी, बाहेरच्या बाकावर रांगेत तेरा माणसं बसलेली असताना, शेवटच्या जागेवर ते बसलेले असत. शर्ट वर केलेला, एक बोट पोटावर. बाई पुढच्याला हाक मारायला दार लोटत आणि त्यांची नजर आधी तिथं जाई. मग कळे की तिथं दुसरंच कुणी आहे, किंवा नुसती भिंत आहे. कधी ते फोटोतच दिसत. कुठल्याशा परक्या बाईचं पोट, आणि वायूच्या ढगाखाली एक फिकट नळी. बाई डोळे चोळून पुन्हा बघत. नळी नसे. पण आता 'नसे' या शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

बाई एकाच माणसाचे तीन-तीन, चार-चार फोटो काढू लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी बोलावून घेतलं.

"बाई, किरण म्हणजे हळदीचा लेप नव्हे. गरज नसताना माणसाला किती द्याल? तुम्हाला झालंय काय?"

"डोळे दमलेत, सर."

"मग चष्मा बदला. माणसं भाजू नका."

घरीही तीच गत. नवरा म्हणे, "चावी दिसत नाही," तर या जिथं चावी नाही हे उघड दिसतंय तिथंही हात फिरवून बघत. रिकाम्या डब्यात बोटं घालून बघत. एकदा नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून त्या बराच वेळ निपचित राहिल्या.

"काय ऐकतेस?"

"काही नाही," म्हणाल्या आणि तो शब्द तोंडातून जाताच दचकून उठून बसल्या.

नवऱ्याला त्यांनी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मास्तरांच्या बायकोला जाऊन सांग. मनात ठेवलंस तर ते तुला आतून खाईल." बाईंनाही पटत होतं. त्या दुकानात जातही. मास्तरांच्या मागं वहिनींनी मशीन चालू ठेवलं होतं. बाई चांगल्या एप्रनची शिवण स्वतःच उसवत आणि ती पुन्हा घालून घ्यायला नेत. वहिनी शिवत, बाई स्टुलावर बसत, पोरांच्या, पावसाच्या, महागाईच्या गोष्टी होत. जे सांगायला आलो ते ओठांपर्यंत येई आणि टाळ्याला चिकटे. एप्रन घडी घालून त्या परत येत. असं एकदा नाही, कितीतरी वेळा.

अशात इस्पितळात डिंक आला.

डिंक म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेतला एक संशोधक. विरघळणारे दोरे हाच त्याचा विषय, म्हणून ते नाव. शिवाय एखाद्या गोष्टीला चिकटला की सुटायचा नाही. काटकुळा, खिशाला शाईचा डाग. कुणा रुग्णाची घसरलेली नळी फोटोत दिसली नाही असं सर्जनकडून कळल्यापासून तो विरघळणारी नळी फोटोत दिसावी म्हणून धडपडत होता. काही जण नळीच्या दोन टोकांना धातूचे ठिपके लावतात. पण नळी मधेच तुटली तर ठिपके काय सांगणार? त्याला अख्खा दोराच दिसायला हवा होता. फोटोत पांढरी उमटणारी धातूची पूड त्यानं दोऱ्यात मिसळली होती, आणि नमुन्यांचे फोटो काढून देणारं कुणीतरी त्याला हवं होतं.

"मी देते," बाई म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढूनही झाली.

पहिला नमुना टेबलावर ठेवून फोटो काढला. नळी खडूच्या रेघेसारखी लखलखीत दिसली. डिंकानं आनंदानं टाळी वाजवली.

"टेबलावर सगळंच दिसतं, सर," बाई म्हणाल्या. "मला माणसात दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच प्लॅस्टिकचा टब आणला. त्यात पोटाच्या जाडीइतकं पाणी भरलं, तळाशी खाटकाकडची हाडं ठेवली, वायूसाठी अर्धवट फुगवलेले फुगे दाबून बसवले आणि मधोमध नळी सोडली. नळी नाहीशी झाली. डिंक पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"आहे का?"

"आहे. मीच टाकलीये. पण दिसत नाही," बाई म्हणाल्या. हे वाक्य इतकं सावकाश म्हणाल्या की डिंकानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यानं पुढचा नमुना उचलला.

मग दीड वर्षं हेच. पूड वाढवली की नळी दिसे, पण दोरा काडीसारखा कटकन मोडे. कमी केली की दोरा मऊ राही आणि टबात हरवून जाई. बाई प्रत्येक फोटोखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहीत: 'दिसते', 'दिसत नाही', 'मला दिसते, दुसऱ्याला दिसेल असं नाही'. हा तिसरा शेरा डिंकाला फार छळायचा. पण त्यालाही कळून चुकलं होतं की या बाईंची नजर साधी नाही. कुणीतरी मागं उभं राहून ती नजर धरून ठेवलीय असं त्याला कधीकधी वाटे. त्याचा अंदाज फारसा चुकीचा नव्हता. टबाचे फोटो काढताना मास्तर काचेच्या पलीकडे असत.

शेवटी एक मिश्रण जमलं. दिसायलाही बरं, चिवटही. रीतसर परवानगी घेऊन सशांच्या अंगात छोटे तुकडे बसवले. दर पंधरवड्याला फोटो. नळी दिसत होती, दर वेळी, ठसठशीत. वीस आठवडे झाले, सव्वीस झाले. ठरल्याप्रमाणे एक ससा तपासला. डिंक स्वतः धावत आला.

"बाई, संपली! नळी पूर्ण विरघळली. आत दोऱ्याचा मागमूस नाही."

बाईंनी सकाळचाच फोटो पडद्यावर लावला. सशाच्या कण्याशेजारी नळी होती. अख्खी, पांढरी, तिच्या विणीसकट.

"मग ही कुठली?"

डिंक हसला. "ती पूड आहे. दोरा गेला, पूड मांसात तशीच अडकून राहिली, त्याच आकारात. अपाय काही नाही तिचा."

काचेच्या पलीकडे बघायची बाईंची छाती झाली नाही. खुर्ची ओढून त्या खाली बसल्या.

"सर, ही चालणार नाही."

"अहो, पण दिसतेय! दिसायलाच हवी होती ना?"

"होती तेव्हा दिसली नाही, त्यात एक माणूस गेला. आता ती गेल्यावर दिसतेय. उद्या कुणाच्या पोटात दुखेल, फोटोत नळी जागच्या जागी दिसेल, डॉक्टर म्हणतील नळी ठीक आहे, दुसरं काही शोधा. आणि नळी केव्हाच वाहून गेलेली. दोन्ही खोटंच. माझ्या खोलीतून खोटं बाहेर जायला नको मला."

डिंक चिडला. दीड वर्षाचं काम होतं. "तुम्हाला नळी हवीय की देव?" असं म्हणून तो दार आपटायला गेला, पण शिशाचं दार आपटता येत नाही. ते हळूच मिटलं.

अकरा दिवस तो फिरकला नाही. बाराव्या दिवशी आला आणि स्टुलावर बसून म्हणाला, "कोण गेला होता?"

बाईंनी सांगितलं. मास्तरांचं बोट, आपलं वाक्य, बरणी, सगळं. नवऱ्यानंतर ते ऐकणारा हा दुसरा माणूस. तो ऐकत राहिला. मग त्यानं त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली. पूड दोऱ्यात नुसती मिसळली, कणकेत तीळ घालावेत तशी, म्हणून दोरा गेला तरी ती राहिली. त्याऐवजी फोटोत दिसणारं आयोडीन दोऱ्याच्या कणाकणाला बांधून टाकायचं. दोरा तुटेल तसतसं तेही सुटेल आणि लघवीवाटे निघून जाईल. जेवढा दोरा, तेवढीच रेघ. अवघड होतं, वेळखाऊ होतं, म्हणून त्यानं आधी टाळलं होतं.

"किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"तीन. चार."

"माझी नोकरी अजून दहा वर्षं आहे," त्या म्हणाल्या.

पाच लागली. नवे ससे, नवे फोटो. या खेपेला रेघ पंधरवड्यागणिक फिकट होत गेली, जशी पाटीवरची अक्षरं ओल्या हातानं पुसत जावीत. रेघ अर्धी झाली तेव्हा तपासलेल्या सशात दोराही अर्धाच उरला होता. रेघ दिसेनाशी झाली तेव्हा दोराही नव्हता. बाईंनी त्या शेवटच्या फोटोखाली काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, 'दिसत नाही. उघडून पाहावे.' पाहिलं. खरंच नव्हती. तरी तो शेरा त्यांनी बदलला नाही.

मग परवानग्या, कागद, मोठ्या शहरातल्या समित्या, माणसांवरच्या चाचण्या. त्यांच्या इस्पितळात नवी नळी पहिल्यांदा ज्यांना बसवली त्यांत एक शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. नवव्या आठवड्यात त्या पोट धरून आल्या. टेबलावर झोपल्या झोपल्याही शिस्त.

"श्वास घ्या, धरून ठेवा," बाई म्हणाल्या.

पडद्यावर फोटो उमटला. कणा, बरगड्या, वायूचे काळे ढग. आणि खाली उजवीकडे, असायला नको तिथं, एक आडवी, फिकट, विणीची रेघ.

बाईंनी बोट लावून ती तीनदा पाहिली. दुसऱ्या तंत्रज्ञ मुलीला बोलावून विचारलं, "तुला काय दिसतंय?" मुलगी म्हणाली, "नळी घसरलीय, बाई." तेव्हा कुठं त्यांनी फोन उचलला.

"किती वेळ धरून ठेवू?" मुख्याध्यापिकांनी टेबलावरून कशाबशा विचारलं. सोडा म्हणायचं राहूनच गेलं होतं.

नळी दुर्बिणीनं काढली. सर्जननं दहा मिनिटं म्हटलं होतं, पंचवीस लागली. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका घरी गेल्या. जाताना बाईंना म्हणाल्या, "तुमचे आभार." बाईंनी पुढच्याला हाक मारली.

त्यांना वाटलं होतं आता मास्तर जातील. दुसऱ्या दिवशी दार लोटलं तर बाकाच्या टोकाला ते होतेच, बोट त्याच जागी. तेव्हा बाईंना कळलं की मास्तरांना नळी नकोच होती.

त्याच दिवशी दुपारी त्या दुकानात गेल्या. या खेपेला हातात एप्रन नव्हता. वहिनी एका कोटाचं अस्तर लावत होत्या.

"काय आणलंत?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"काही न..." बाई अडखळल्या. "वहिनी, मला सांगायचंय. मास्तर फोटोला आले होते ना, घरी पाठवलं त्या दिवशी. त्यांना मी म्हटलं होतं, तिथं काही नाही म्हणून. डॉक्टरांच्या आधी. मी बोलायला नको होतं."

मशीन थांबलं. वहिनींनी दोरा दातांनी तोडला.

"माहीत आहे मला. यांनीच घरी येऊन सांगितलं होतं. किती खूश होते. म्हणाले, फोटोवाल्या बाईंनी स्वतः बघितलंय."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोललात? दर महिन्याला धडधाकट शिवण उसवून आणायचात. मला काय कळत नाही, उसवलेलं कोणतं आणि उसवून आणलेलं कोणतं?"

बाईंनी मान खाली घातली. वहिनींनी हातातला कोट मांडीवर पसरला. मग कुणा वेगळ्याच माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाल्या,

"दुसऱ्या दिवशी यांना ताप भरला होता. मी म्हटलं, चला परत जाऊ दाखवायला. हे म्हणाले, बाईंनी बघितलंय ना, मग कशाला? मलाही तेच ऐकायचं होतं. दुकानात ढीगभर काम पडलं होतं. मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशीही गप्प बसले."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली, घंटी खणखणली.

"तुम्हाला दिसतात का हे?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी वर पाहिलं. "रोज."

"मलाही," वहिनी म्हणाल्या. "माफबिफ करायला मला जमायचं नाही, बाई. खोटं कशाला बोलू? तुम्हालाही नाही आणि स्वतःलाही नाही."

"नका करू."

वहिनींनी अस्तराची कड सरळ केली आणि मशीन सुरू केलं. त्यांनी बाईंना उठा म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. बाई स्टुलावर बसून राहिल्या. कोटाची लांब शिवण संपली, दुसरी सुरू झाली, आणि खिशाशी आल्यावर वहिनींनी त्यांच्या हातात कात्री दिली. उरलेले दोरे कापायला.